नालवाडीचा चरखा आणि झाकणबंद विद्या

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे गाव आज वाढत्या शहराच्या कवेत गेले आहे, आणि त्याचा इतिहासही तितक्याच मुकाटपणे विस्मृतीत चालला आहे. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे वर्ध्याचा आश्रम सोडून, मुख्यतः दलितांची वस्ती असलेल्या या खेड्यात राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत येथेच राहिले. केवळ कातण्याच्या मजुरीवर माणसाचे पोट भरते की नाही, हे त्यांनी येथे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडीत चर्मालय चालवावयास घेतले, आणि ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कातड्याला कोणी हात लावला नव्हता, असे लोक मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्याची विद्या शिकू लागले.

गांधीवाद्यांच्या या प्रयोगांकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. मेलेली गुरे ओढण्याचे काम दलितांनी सोडून द्यावे, असे डॉ. आंबेडकर त्याच काळात सांगत होते, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. एका जातीच्या माथी मारलेल्या कामाला केवळ प्रतिष्ठेचे शब्द चिकटवल्याने जात मोडत नाही. तरीही नालवाडीच्या प्रयोगांत एक गोष्ट अशी होती की जी आजच्या विद्यापीठांना लाजवील. साधन कोणतेही असो, चरखा असो वा चामडे कमावण्याचे कुंड, ते वापरणाऱ्याला आतून कळले पाहिजे, बिघडले तर दुरुस्त करता आले पाहिजे आणि गरज पडली तर बदलता आले पाहिजे, हा तेथील शिक्षणाचा गाभा होता. ज्याला माळ तुटल्यावर दुसऱ्याच्या दारी जावे लागते, त्याला कातता येते असे नालवाडीत कोणी म्हटले नसते.

हीच दृष्टी पुढे शिक्षणाच्या योजनेत आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीम जन्माला आली. मुलांच्या कमाईवर शाळा चालवण्याच्या कल्पनेवर अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तेव्हाच कडाडून आक्षेप घेतला. तो आक्षेप आजही खरा आहे. परंतु त्या योजनेचे दुसरे अंग निराळे होते. हाताने केलेले काम आणि बुद्धीने मिळवलेले ज्ञान यांचा समवाय साधल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, हे ते अंग होय. भारतीय समाजाने हजारो वर्षे हात एका जातीला आणि पोथी दुसऱ्या जातीला वाटून दिली. समवाय हा त्या वाटणीवरचा आघात होता.

आज त्याच वर्ध्याच्या परिसरातील, त्याच नालवाडीतील मुले-मुली संगणकशास्त्राची पदवी घेण्यासाठी महाविद्यालयांत जातात. हात आणि पोथी यांची ती जुनी वाटणी तेथे किती सुखाने नांदत आहे, हे पाहावयाचे असेल तर अभ्यासक्रमातील एकच विषय तपासावा. तो विषय म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच संगणकाची कार्यप्रणाली.

यंत्रातला कारभारी

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. एकाच वेळी चालू असलेल्या अनेक प्रक्रियांपैकी प्रोसेसरचा वेळ कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यावयाचा. स्मृतीचा कोणता तुकडा कोणाच्या नावे लावावयाचा. फाइली कोठे ठेवावयाच्या. कळफलक, पडदा, चकती, जाळे यांच्याशी कोणी कसे बोलावयाचे, हे सारे तो ठरवतो. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. सामान्य प्रोग्रामला यंत्रावर थेट सत्ता नसते; त्याला प्रत्येक वेळी ‘सिस्टिम कॉल’च्या दारातून कर्नलकडे अर्ज करावा लागतो. कर्नलला मात्र सर्वत्र मुक्त संचार असतो. संगणकाच्या आत राज्यसंस्था कोठे आहे असे कोणी विचारले, तर उत्तर एवढेच आहे. आणि राज्यसंस्था कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न समाजवाद्याने विचारावयाचा नाही तर कोणी?

आता हा विषय शिकवला कसा जातो ते पाहा. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तो असतो आणि कागदावर तो भारदस्तही दिसतो: प्रक्रियांचे वेळापत्रक, सेमाफोर, डेडलॉक, पेजिंग, फाइल व्यवस्था. परंतु परीक्षेत विचारले जाते ते काय? डेडलॉकच्या चार अटी लिहा. पानांच्या मागणीची अमुक एक मालिका दिली आहे. ‘फिफो’ आणि ‘एलआरयू’ पद्धतींनी किती ‘पेज फॉल्ट’ होतील ते मोजा. बँकर्स अल्गोरिदमचा तक्ता पुरा करा. विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका घोकतो, तक्ते भरतो आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. कर्नलच्या मूळ संहितेची, म्हणजे सोर्स कोडची, एक ओळही न पाहता, समोरच्या यंत्रात पानांची नोंदवही नेमकी कोठे असते हे न कळता, हा पदवीधर ‘ऑपरेटिंग सिस्टिम झाले’ असे म्हणू शकतो.

प्रात्यक्षिके असतात, हे खरे. पण ती कोणती? चार काल्पनिक प्रक्रियांना किती थांबावे लागेल याची सरासरी छापणारा एक छोटा प्रोग्राम लिहावयाचा आणि त्यालाच वेळापत्रकाचे प्रात्यक्षिक म्हणावयाचे. हे म्हणजे चरख्याचे चित्र काढून त्यावर सूत किती निघेल याचा हिशेब करण्यासारखे आहे. प्रत्यक्ष यंत्रात घड्याळाचा ठोका पडतो, चालू प्रक्रिया थांबवली जाते, तिची अवस्था जपून ठेवली जाते आणि दुसरी पुढे येते. हा जिवंत क्षण विद्यार्थ्याच्या हाताला कधी लागतच नाही. तो वहीत राहतो आणि परीक्षेनंतर वहीही रद्दीत जाते.

कुलूप कोणी लावले?

ही केवळ आळशी परीक्षापद्धतीची कथा नव्हे. पाठ्यक्रम असा सिद्धांताच्या पिंजऱ्यात गेला, त्यामागे मालकीहक्काचा एक स्पष्ट इतिहास आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावयास हवा.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवली. तिची मालक असलेली एटी अँड टी कंपनी टेलिफोनची मक्तेदार होती. मक्तेदारीविरोधी खटल्यातील १९५६ च्या तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरण्यास मज्जाव होता. त्यामुळे युनिक्सची संहिता विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे शिक्षक जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या कर्नलची सुमारे नऊ-दहा हजार ओळींची संहिता विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि १९७६-७७ मध्ये तिच्यावर ओळवार भाष्य लिहिले. ज्ञानेश्वरांनी गीतेचे भांडार सामान्यांसाठी उघडले, त्या जातीचे हे काम होते. एक संपूर्ण, खरीखुरी, चालती कार्यप्रणाली एका सत्रात वाचून होऊ शकते, हे लायन्सनी दाखवून दिले.

मग काय झाले? युनिक्सला बाजारात मोल आहे हे कंपनीच्या ध्यानात आले आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात, ही संहिता वर्गात शिकवता येणार नाही, असे कलम आले. लायन्स यांचे भाष्य उघडपणे वाटणे अशक्य झाले. जगभरचे विद्यार्थी ते छायाप्रतींच्या छायाप्रती काढून गुपचूप वाचत राहिले. ते रीतसर पुस्तकरूपाने छापले जाण्यास १९९६ साल उजाडावे लागले. या बंदीचा परिणाम ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी नोंदवून ठेवला आहे: अनेक विद्यापीठांनी युनिक्सचा अभ्यास सोडला आणि ती निव्वळ सिद्धांत शिकवू लागली. आज आपल्या वर्गांत ज्याला ‘शुद्ध शास्त्र’ म्हणून मिरवले जाते, त्याचा एक मोठा भाग एका कंपनीच्या वकिलांनी लावलेल्या कुलपाची सावली आहे. कुलूप कधीच निघाले. सावली मात्र आपण जपून ठेवली!

टॅननबॉम यांनी कुढत न बसता १९८७ मध्ये शिकवण्यासाठीच एक नवी, छोटी प्रणाली लिहिली. तिचे नाव मिनिक्स. तिची संहिता त्यांनी पाठ्यपुस्तकातच छापली. ते पुस्तक वाचून आणि मिनिक्स वापरून फिनलंडमधील एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सच्या कर्नलला आरंभ केला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ पुकारून, साधनाची संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार हा वापरणाऱ्याचा अधिकार आहे, असे ठामपणे मांडले होते. आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे आणि जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. म्हणजे ज्या कर्नलने जग व्यापले, त्याचा उगम एका उघड्या पाठ्यपुस्तकात आहे. उघडी विद्या म्हणजे नुसता आदर्शवाद, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

महाराष्ट्राने हे पाहिले आहे

परदेशाची उदाहरणे इथे लागू नाहीत, असा युक्तिवाद कोणी करील. मग महाराष्ट्राचा इतिहास घ्यावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफरॅक’ हा संगणक भारतीयांनी स्वतः रचला आणि तो १९६० मध्ये पुरा झाला. ज्यांनी तो रचला त्यांना तो कळला, इतके हे सरळ होते. त्याच काळात आयबीएम ही अमेरिकी कंपनी आपल्याकडे जुनी, तिकडे मागे पडलेली यंत्रे डागडुजी करून भाड्याने देत होती. यंत्र तिचे, देखभाल तिची, ज्ञानही तिचे. भाडे मात्र आपले.

१९७७ मध्ये जनता सरकार आले. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारी घेण्याचा आग्रह सोडला नाही आणि १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला. तेव्हा देशातील संगणक बंद पडतील अशी हाकाटी झाली. ते बंद पडले नाहीत. सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने ती यंत्रे सांभाळली, कारण ती उघडून दुरुस्त करणारे भारतीय हात उपलब्ध होते. समाजवाद्यांनी त्या घटनेचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्याबरोबर एक चूकही मान्य करावी. साठ ते ऐंशीच्या दशकांत आयुर्विमा आणि बँकांतील कामगारांच्या नोकऱ्यांसाठी संगणकाला विरोध झाला. नोकरीची काळजी रास्त होती. मात्र यंत्र येऊ नये यासाठी जेवढे मोर्चे निघाले, तेवढे ‘आलेले यंत्र आतून कोणाला कळणार’ या प्रश्नासाठी निघाले नाहीत. यंत्र आले, कुलुपासकट आले आणि चळवळ बाहेर उभी राहिली.

मराठी माणसाला हा विषय पेलत नाही असे म्हणण्याची सोय नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. धनंजय धामधेरे यांच्या सिस्टिम प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिमवरील ग्रंथांवर देशभरातील विद्यार्थी शिकले. तरुणपणी शहाद्याच्या आदिवासी चळवळीत उतरलेले अच्युत गोडबोले यांनीही कार्यप्रणालींवर पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच आयआयटीत आज एमआयटीने २००६ मध्ये अध्यापनासाठी तयार केलेल्या ‘एक्सव्ही-सिक्स’ या छोट्या प्रणालीच्या साहाय्याने कर्नल उघडून शिकवला जातो. ती प्रणाली लायन्सनी भाष्य केलेल्या त्याच सहाव्या युनिक्सच्या धर्तीवर बेतलेली आहे. दहा हजार ओळींच्या आत बसते, फुकट मिळते आणि साध्या यंत्रावरही चालते.

मग प्रश्न असा पडतो की जे पवईत शक्य आहे ते वर्ध्यात, वाशिममध्ये, गडचिरोलीत अपवादानेच का घडावे? पवईच्या विद्यार्थ्याने कर्नल उघडावयाचा आणि खेड्यातून आलेल्याने त्याची व्याख्या पाठ करावयाची, ही विभागणी कोणी ठरवली? एकाला उद्या यंत्र रचण्याचे काम मिळणार आणि दुसऱ्याला दुसऱ्याने रचलेल्या यंत्राची रात्रपाळी करण्याचे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसलेला पदवीधर स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, पण उत्पादनाच्या साधनावर ज्याची मालकी नाही आणि त्याच्या अंतरंगाचे ज्ञानही नाही, त्याला दुसरे कोणते नाव द्यावे? ही नव्या काळातील वर्णव्यवस्था आहे, आणि तिचे संस्कार विद्यापीठाच्या वर्गातच होतात.

परावलंबनाची किंमत

अंतरंग न कळण्याची किंमत काय असते, ते १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल धाडली. ते सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करीत होते. त्यामुळे एक प्रोग्राम कोसळून भागले नाही, यंत्रेच्या यंत्रे कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय साधा होता. यंत्र सुरक्षित अवस्थेत चालू करून ती एक फाइल पुसावयाची. पण तो असंख्य ठिकाणी यंत्रागणिक हाताने करावा लागला. सामान्य प्रोग्राम आणि कर्नल यांच्या अधिकारांत काय फरक असतो, हा धडा परीक्षेत दोन गुणांची टीप म्हणून येतो. त्या दिवशी तो विमानतळावर रांगेत उभा होता.

दुसरे उदाहरण कार्यप्रणालीचे नव्हे, पण त्याच रोगाचे आहे. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लादल्यावर, गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या ई-मेल आदी सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. रशियन भांडवलाचा मोठा वाटा असलेल्या या कंपनीविषयी समाजवाद्यांनी कळवळा बाळगण्याचे कारण नाही. पण भारताच्या भूमीवरील कारखान्याचा पत्रव्यवहार ब्रसेल्समधील निर्णयाने तुटू शकतो, तर सार्वभौमत्व या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावयास हवा. दुसऱ्याच्या झाकणाखाली चालणारे यंत्र हे भाड्याचे घर आहे. मालकाला वाटेल तेव्हा तो किल्ली बदलतो.

आणि सर्वांत मूक पण सर्वांत व्यापक उदाहरण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-दहाचा नियमित आधार थांबवला. विंडोज-अकराला लागणारी सुरक्षा-चिप आणि नवे प्रोसेसर नसलेली असंख्य चालती यंत्रे त्या दिवशी जिवंतपणी मृत ठरली. येथे १९२९ सालची एक गोष्ट आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी अशा: यंत्र दीडशे रुपयांच्या आत बसावे, झोपडीत सहज चालावे, नीट देखभाल केल्यास वीस वर्षे टिकावे आणि झिजलेल्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. चरख्याने देश श्रीमंत होईल, ही आशा फोल ठरली असेल. पण यंत्राकडून काय मागावयाचे, हे त्या अटी लिहिणाऱ्यांना आजच्या खरेदी-समित्यांपेक्षा अधिक कळत होते. पारितोषिकाच्या अटी लिहिताना त्यांनी कातणाऱ्या स्त्रीचा विचार केला. आजच्या निविदांत विद्यार्थ्याचा विचार कितीसा असतो?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप बाजाराचा: ‘उद्योगाला कर्नल लिहिणारे नकोत, त्याला क्लाउड चालवणारे हवेत, मुलांना नोकरी हवी आहे.’ मुलांना नोकरी हवी आहे, यात शंका नाही. कर्ज काढून शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला क्रांतीचे व्याख्यान देऊन वाटेला लावणे हा निर्दयपणा होईल. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत ठेवलेले, बहुधा लिनक्सवर चालणारे यंत्रच होय. अवजारांची नावे दर तीन वर्षांनी बदलतात. प्रक्रिया, स्मृती, फाइल आणि अधिकार यांचे नियम लायन्सच्या काळापासून फारसे बदललेले नाहीत. नाव शिकलेला माणूस तीन वर्षांत शिळा होतो, अंतरंग शिकलेला होत नाही. शिवाय सांगकाम्या संहिता आता यंत्रेच लिहू लागली आहेत. अशा वेळी केवळ वापरकर्ता होऊन बाहेर पडणाऱ्या पदवीधराला कोण विचारणार? नोकरीची चिंता हा आतून शिकवण्याविरुद्धचा नव्हे, तर त्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा: ‘विद्यापीठाने सिद्धांत शिकवावा, कारागिरी नव्हे.’ या वाक्यात जुनी पोथी बोलते आहे. सेमाफोर ही कल्पना कोणा ऋषीला ध्यानात सुचली नाही. एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी ती प्रत्यक्ष प्रणाली रचण्याच्या कामात मांडली. दोन प्रक्रिया एकाच ओळीवर एकमेकींचा पाय ओढत असताना पाहिल्यावाचून कुलपाची गरज का पडते, हे डोक्यात उतरत नाही. सिद्धांत कामातून निघतो आणि कामातच तपासला जातो. हे मार्क्सनेही सांगितले आणि नयी तालीमनेही. कारणे भिन्न असतील, निष्कर्ष एकच आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: शिकवणार कोण? महाराष्ट्रातील महाविद्यालयांत असंख्य शिक्षक तासिका तत्त्वावर राबतात. तासागणिक मोजलेले तुटपुंजे मानधन, तेही वेळेवर नाही, सुट्टीत उत्पन्न शून्य आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. अशा शिक्षकाने दहा हजार ओळींची संहिता घरी बसून पचवावी आणि चाळीस विद्यार्थ्यांच्या बिघडलेल्या कर्नलमधील चुका रात्री शोधाव्यात, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? तयार टिपणे वाचून दाखवणे हा त्याचा दोष नव्हे. तो त्याच्या वेतनाचा भाव आहे. म्हणून आतून शिकवण्याची मागणी आणि कायम शिक्षकभरतीची मागणी या दोन मागण्या नव्हेत. ती एकच मागणी आहे.

काय मागावे

मागणी अवाजवी नाही. कार्यप्रणालीच्या विषयातील निम्मे गुण एका छोट्या, उघड्या, चालत्या प्रणालीवरील कामाला असावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यात निदान एक नवा सिस्टिम कॉल घालावा, वेळापत्रकाची रीत बदलावी, बदलल्यावर यंत्र का कोसळले ते शोधावे आणि परीक्षकासमोर यंत्रापाशी बसून ते समजावून सांगावे. यंत्र कोसळणे हा गुन्हा नव्हे, तोच अभ्यास आहे. ज्याचे सूत कधी तुटले नाही तो कातणे शिकलेला नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांत मुक्त प्रणाली असाव्यात. त्यामुळे परवान्याचा खर्च वाचेल आणि बाद ठरवलेली यंत्रेही कामी येतील. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणून हे घडवून दाखवले आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक उभा केला, आणि त्याच संस्थेने पुढे ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणालीही काढली. तेव्हा राज्यसंस्थेने मनावर घेतल्यास क्षमतेचा प्रश्न उरत नाही.

आणखी एक काम विद्यापीठांनी करावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह भारतीय भाषांतून देण्याची वाट मोकळी केली आहे. ही मुभा इंग्रजी टिपणांच्या यांत्रिक भाषांतरात वाया जाऊ नये. लायन्सनी जे इंग्रजीत केले, ते मराठीत व्हावे. एका संपूर्ण कर्नलवरील ओळवार मराठी भाष्य सिद्ध व्हावे आणि ते कोणालाही छापता, वाटता, सुधारता यावे. भाषेचा अभिमान फलकांवर मिरवण्यापेक्षा हे एक पुस्तक मराठीला अधिक उंच नेईल.

हे सारे वरून आपोआप येणार नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण व्यवसायशिक्षणाचा वारंवार उच्चार करते; परंतु मालकाच्या अवजाराशी हात जुळवून घेणे म्हणजे कौशल्य, असा त्याचा अर्थ लावला गेला तर त्यातून चांगले नोकर तेवढे निपजतील. विद्यार्थी संघटनांनी फीवाढीविरुद्ध जसे उभे राहावे, तसेच रिकाम्या अभ्यासक्रमाविरुद्धही उभे राहावे. फीवाढ पैसे लुटते, झाकणबंद विद्या आयुष्य लुटते.

नालवाडीत आज मोबाइल विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने असतील. तेथे एखादा तरुण मोडलेल्या फोनचा मागचा भाग उघडून बारीक पेचकसाने आत काही तरी जुळवत असेल. त्याने पदवी घेतलेली नसेल, पण झाकण उघडण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे. त्याच फोनमध्ये लिनक्सचा कर्नल चालतो आणि त्याची संहिता जगात कोणालाही वाचता येते. त्या तरुणाच्या हातात आणि त्या संहितेत अंतर आहे ते फक्त एका विद्यापीठाचे. हे अंतर मिटवणे विद्यापीठांना साधत नसेल, तर ती नेमकी कोणासाठी चालवली जातात, हे त्यांनी सांगावे.